उतू गेलेला चहा

तोंडी परीक्षेला खासनीस साहेब येणार म्हटलं की वायरमनच्या वर्गाला घाम फुटायचा. त्यात अनुजा ठोंबरेच्या घरी ठरलंच होतं, की ती नापास झाली तर शिकणं बंद आणि लग्न उरकायचं.

साहेबांनी टेबलावरच्या विजेच्या शेगडीवर आपला चहा चढवला आणि अनुजाला विचारलं, "ही शेगडी २३० व्होल्टवर दोन अँपिअर घ्यायची. रोध किती, शक्ती किती?"

"रोध ११५ ओहम, शक्ती ४६० वॅट."

"काल हिची कॉइल तुटली. मी उरलेली अर्धीच जोडली, म्हणजे रोध अर्धा. आता करंटचा वर्ग गुणिले रोध केलं, तर शक्तीही अर्धी. पण व्होल्टचा वर्ग भागिले रोध केलं, तर दुप्पट! बोला बाई, कुठलं सूत्र खोटं?"

अनुजाला दोन्ही सूत्रं तोंडपाठ होती. एकाला खोटं म्हणावं, तर दुसरं डोळे वटारत होतं.

"विसरलात वाटतं?" साहेब मिशीतल्या मिशीत हसले.

तेवढ्यात चहा भसकन उतू गेला. अनुजाने आधी बटण बंद केलं.

"सर, दोन्ही सूत्रं खरी. प्लगमधून व्होल्ट ठरलेले येतात, करंट नाही. रोध अर्धा झाल्यावर करंट चार अँपिअर झाला, तुम्ही मात्र जुनेच दोन धरून बसलात. शक्ती ९२० वॅट."

"कशावरून?"

"शक्ती अर्धी झाली असती, तर चहा अजून कोमटच असता. तो तर तुमच्या बुटांवर सांडतोय, सर."

साहेबांनी पाय मागे घेतले आणि मुकाट्याने तिला पास केलं.