वाटपाही शिळा

एका राज्यात एक शिळा होती. ती कुणी घडवली नव्हती. डोंगर जन्मला तेव्हाच त्याच्या कुशीतून निघाली होती. उंबऱ्यात बसून बाई कपाळाशी हात धरते, तशी ती दिसे. लोक तिला वाटपाही म्हणत. तिच्याभोवती तीन पुरुष उंच कोट होता आणि दारावर ताम्रपट होता: ‘ही शिळा राज्याचा ठेवा. येथे जो पाऊल टाकील, त्याचे पाऊल तोडावे.’ परक्यांना वाटे, केवढी ही निगा!

त्या राज्यात निघताना कोणी ‘येतो’ म्हणत नसे. एरवी ‘जातो’ हा शब्द वैऱ्याच्याही दारात उच्चारू नये. पण तिथल्या आया लेकरांना दटावून ‘जातो’ म्हणायला लावीत. कारण राजकुळातला जो पुरुष ‘येतो’ म्हणून उंबरा ओलांडी, तो परत येत नसे. असे सहा जण गेले होते. त्यांची हाडेही मिळाली नव्हती.

राजा भोगादित्याचा पुत्र धारसेन एके सकाळी शिकारीस निघाला. धाकटी बहीण हंसावळी त्याला ओवाळीत होती. चेष्टेने ती म्हणाली, “दादा, मला काय आणशील?”

तो हसत बोलून गेला, “मोरपीस. येतो!”

तिच्या हातून तबक पडले. दुपारी घोडा रिकामाच परतला.

राजाने अन्न सोडले, पण वाडा सोडला नाही. हंसावळी मात्र खुरांचा माग काढीत निघाली. माग कोटाच्या भिंतीपाशी संपला. भिंतीवर टिटवी बसली होती.

टिटवी म्हणाली, “राजकन्ये, तुझा भाऊ शिळेच्या पोटात आहे.”

“त्याचा अपराध काय?”

“अपराध तुमच्या मूळपुरुषाचा. शत्रू पाठीशी लागले, तेव्हा शिळेने त्याला तीन दिवस पोटात दडवले. सावली दिली, पाणी दिले. निघताना तो म्हणाला, ‘येतो.’ ती वाट पाहत बसली. त्याला राज्य मिळाले, आणि तो आला नाही.”

गरज सरो, वैद्य मरो! वर त्याने काय करावे? तिचा झरा पाट काढून वाड्यात नेला आणि तिचे तोंड दिसू नये म्हणून कोट बांधला. आपण गरीब माणसे लाज वाटली तर मान खाली घालतो. राजे लोक भिंत बांधतात आणि तिला निगा म्हणतात.

दारावरच्या पहारेकऱ्याने भाला आडवा धरला. “बाईसाहेब, पाऊल टाकाल तर पाऊल जाईल. माझा इलाज नाही.”

“ताम्रपटात गुडघे लिहिले आहेत?”

त्याने दोनदा वाचून पाहिले. “नाहीत.”

ती गुडघ्यांवर आत गेली. खडीने गुडघे सोलले. शिळा बोलली, रिकामे जाते फिरावे तसा तिचा आवाज होता.

“मी सावली दिली होती. परत कर.”

हंसावळीने आपली सावली पायांपासून सोडवली आणि शिळेवर पांघरली. ती पुन्हा तिच्या पायांशी आली नाही.

“मी पाणी दिले होते. परत कर.”

ती वाड्यातल्या हौदावर गेली. ओंजळ भरून, भर उन्हात, एक कोस चालून आली, पुन्हा गुडघ्यांवर आत शिरली. जीभ टाळूला चिकटली होती, तरी तिने थेंब चाखला नाही.

“आता शब्द देणाऱ्याला आण.”

“तो मरून दोनशे वर्षे झाली.”

“शब्द मेला नाही. जो त्याच्या गादीवर बसतो, त्याच्या गळ्यात तो आहे.”

हंसावळी पित्यापुढे उभी राहिली. राजाने सारे ऐकले. “मी गेलो तर ती मला सोडील का?”

“मला ठाऊक नाही, तात. दादाच्या तोंडून तो शब्द मीच काढवला. माझ्या जाण्याने भागते, तर तुम्हांला सांगायला आले नसते.”

ती रडत होती. राजाने तिच्या पायांकडे पाहिले. खिडकीतून ऊन आले होते आणि तिथे सावली नव्हती. तो उठला. उंबऱ्यापाशी थबकला, आणि काहीच न बोलता त्याने उंबरा ओलांडला.

तोही गुडघ्यांवर कोटात शिरला आणि शिळेपुढे त्याने मुकुट उतरवला. “आलो,” तो म्हणाला.

दोनशे वर्षे कपाळाशी असलेला हात खाली आला. डोंगर हादरला. शिळेचे पोट उघडले आणि सात पुरुष बाहेर आले. सहांवर ऊन पडले नि त्यांची माती झाली. सातवा धारसेन होता. त्याच्या हाती मोरपीस होते.

“आता?” शिळेने विचारले.

हंसावळी पाठोपाठ आली होती; तिला भीती वाटली. जिभेची सवय वाईट; निघताना काय सुटेल, नेम नाही. राजाने लेकाकडे पाहिले, मग लेकीकडे.

“राहतो,” तो म्हणाला.

तो शिळेशेजारी बसला. आधी पाय दगडाचे झाले, मग हात, शेवटी डोळे.

धारसेनाने कोट पाडला, झरा मोकळा केला आणि नवा ताम्रपट लावला: ‘या शिळांचा टवकाही काढू नये. येथे कोणीही यावे.’ त्या राज्यात माणसे आता ‘येतो’ म्हणून निघतात आणि संध्याकाळी घरी येतात.

कोट पाडला त्या दिवशी निघताना हंसावळीने मोरपीस पित्याच्या पायांशी ठेवले. “येते, तात,” ती म्हणाली. भोवतीची माणसे दोन पावले मागे सरली.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आले, तेव्हा बिनसावलीची एक मुलगी डोंगर चढत होती.