आगबोटीतली टांगती खोली

फार पूर्वी, म्हणजे आगबोटी नव्या होत्या आणि लोकांचा त्यांच्यावर जरा जास्तच विश्वास होता तेव्हा, एका बंदरात एक जहाजमालक राहत होता. त्याच्या बायकोला बोट लागायची. नांगर उचलला रे उचलला की बाईंचं पोट ढवळलंच! त्यामुळे समुद्रापलीकडच्या बेटावरचं माहेर तिला कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं.

अशात धाकट्या भावाचं लग्न ठरलं. करवली म्हणून नवरदेवामागे दिवा घेऊन उभी राहायला ही एकुलती एक बहीण.

"अहो, मी आमसूल तोंडात धरून येते. फार तर काय, उलटी होईल," बायको म्हणाली.

"माझ्या बोटीत? तुला? छे छे!"

मालकाने शेजारच्या बाळाचा पाळणा पाहिला आणि त्याच्या डोक्यात चक्र फिरलं. त्याने बोटीच्या पोटात अख्खी खोली साखळ्यांनी टांगली. चारी कोपऱ्यांना दोर बांधले, मधोमध पाण्याची परात ठेवली. पाणी ज्या अंगाला सरकेल तो दोर वर खेचायचा, की खोली सरळ. बोट खुशाल डोलू दे!

दोरांवर खलाशी लावले, बायकोला खोलीत बसवलं आणि बोट निघाली. बेट जवळ आलं तशा लाटा वाढल्या. पाणी उजवीकडे धावलं.

"उजवा खेचा!"

खेचेपर्यंत पाणी डावीकडे.

"डावा! नाही, उजवा! अरे, कलतंय कोण? खोली की बोट?"

"शेठ, मला तर मीच कलतोय असं वाटतंय," खलाशी कण्हला.

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. "सगळ्यांना खाली बोलवा!" मालक ओरडला. कोळसा टाकणारे आले, आचारी आला. शेवटी सुकाणू धरणारा तांडेलही धावत आला.

"शेठ, वर सुकाणूवर कोण?"

मालक गडबडला. वर बघावं की खाली, त्याला कळेना. तेवढ्यात पाणी पुन्हा निघालं.

"ते मग बघू! आधी हा दोर धर!"

तांडेलाने दोर धरला. वरून काहीतरी मोडल्याचा धाडधाड आवाज आला आणि काय सांगावं, परातीतलं पाणी जागच्या जागी थांबलं! अगदी आरशासारखं!

"जमलं!" मालक छाती काढून वर गेला. बघतो तर धुराड्याला केळीचे खांब अडकलेले, बोटीच्या पुढच्या टोकावर आंब्याची तोरणं, आणि सनईवाला गुडघाभर पाण्यात.

"समुद्रात मांडव कुणी घातला?" त्याने विचारलं.

"समुद्र मागे राहिला, जावईबापू," वाळूत पगडी शोधणारे सासरे म्हणाले. "आणि आमंत्रण तुम्हाला दिलं होतं. बोटीला नव्हे!"

माणसं पळाली म्हणून वाचली. बोहलं मात्र बोटीखाली गेलं आणि मुहूर्त टळला. मालकाच्या मागून त्याची बायको वर आली. तिला एक उमासासुद्धा आला नव्हता. करवली बेटावर पोचली होती. तिला उभं राहायला मांडव तेवढा उरला नव्हता.

तात्पर्य एवढंच: आपल्या माणसाला त्रास होऊ नये म्हणून जरूर झटावं, पण त्या नादात सुकाणूवरचा माणूस खाली बोलावू नये.