सोन्याची तोटी आणि तांब्याचा नळ

फट्!

गारठगडच्या राजवाड्याचा तांब्याचा नळ त्या हिवाळ्यात पाचव्यांदा फुटला. राजा दुर्दमसेन अंगाला उटणं लावून न्हाणीघरात उभा होता, तो तसाच दरबारात आला.

"पुन्हा फुटला! हा नळ मुद्दाम माझा अपमान करतोय!"

राजवाडा दीडशे वर्षांचा, नळही तेवढाच. डोंगरावरच्या हौदातून पाणी यायचं आणि उत्तरेच्या भिंतीवरून तीन मजले चढून राजाच्या न्हाणीघरात पोचायचं. रात्री ते नळातच गोठायचं, फुगायचं आणि नळ उसवायचा. राजाने उपाय केले नव्हते असं नाही. पहिल्यांदा नळाला चाळीस फटके मारवले. मग शेजारी दोन भालदार उभे केले, थंडी जवळ आली की भोसका म्हणून. थंडी आली, भालदार अजून शिंकत होते. शेवटी नळाची देखभाल करणाऱ्या धोंडूला हुकूम झाला: सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत नळाला मिठी मारून बसायचं!

तरीही फट्.

"धोंडू, उद्या नळ फुटला तर बायकोपोरीसकट खिंडीपलीकडे चालता हो!" राजा गरजला. "आणि नळाला चिंध्या गुंडाळायच्या नाहीत, माझा राजवाडा म्हणजे जखमी शिपाई नाही. खाली शेकोटी नको, भिंत काळी होते. तोटी गळती ठेवायची नाही, त्या टपटपीने मला स्वप्नात सासूबाई दिसतात!"

फुटलेला नळ कसाबसा सांधून धोंडू घरी आला, तरी हात मिठीतच अडकलेले. राजाचा हुकूम ऐकून त्याची बायको सगुणी घाबरली. तशी ती एरवीही काळजी करायचीच. पोरगी रडली तर का रडली म्हणून, नाही रडली तर का रडत नाही म्हणून. पण खिंडीत कमरेएवढा बर्फ होता आणि ठकी जेमतेम सहा महिन्यांची.

"अहो, पण नळ रात्री रिकामा का नाही करत? पाणीच नसेल तर गोठणार काय?"

"करतो ना! हौदाचं बूच लावतो, मुदपाकखान्यातली खालची तोटी उघडतो. दोन घागरी पाणी येतं आणि थांबतं. संपलं म्हणायचं, तर सकाळी फट्!"

सगुणी विचार करतच उठली. ठकीच्या गुटीची वेळ झाली होती. ठकी पळीतली गुटी थुंकायची, म्हणून सगुणी बोरूच्या पोकळ नळीने पाजायची: नळी गुटीत बुडवायची, वरच्या तोंडावर अंगठा दाबायचा, नळी ठकीच्या तोंडाशी न्यायची आणि अंगठा उचलायचा. आज ती अंगठा उचलायलाच विसरली. ठकीने आ वासला, वाट पाहिली आणि भोकाड पसरलं. नळीतून थेंब पडेना!

सगुणी अंगठ्याकडे बघतच राहिली. 'मला सुचलंय म्हणजे चुकीचंच असणार,' तिच्या मनात आलं. तरी तिने ठकीला कडेवर घेतलं आणि नळी घेऊन तरातरा दरबार गाठला.

"महाराज, नळ रिकामा होतच नाही. वरून वारा आत शिरल्याशिवाय पाणी खाली उतरत नाही. हे बघा!" तिने पाण्याने भरलेली नळी उचलली. अंगठा दाबलेला, थेंब नाही. अंगठा उचलला, भळकन सगळं पाणी प्रधानजींच्या जोड्यात.

"अगं बाई, जोडे!" प्रधानजी ओरडले.

"मग वरची तोटी उघडा की! अडलंय कुठे?" राजा म्हणाला.

सगळा दरबार आपापल्या हातांकडे बघू लागला. सगुणीला वाटलं, आत्ताच पळावं. पण खिंडीतला बर्फ आठवला.

"महाराज, वरची तोटी आपल्या न्हाणीघरातली. सोन्याची. तिला दुसऱ्या कुणाचा हात लागला तर तो हात तोडायचा, असा आपलाच हुकूम आहे. माझ्या नवऱ्याला दोनच हात आहेत, आणि दोन्ही नळाभोवती गुंतलेत."

"म्हणजे मी? रोज तिन्हीसांजेला तोटी पिळायची? मी राजा आहे का पाणक्या?"

"हे काम सगळ्या राज्यात आपल्याशिवाय कुणाला करता येत नाही, महाराज. प्रधानजींनासुद्धा नाही."

राजा जरा ताठ झाला. प्रधानजी जरा वाकले.

"पण रात्रभर राजाचा नळ रिकामा? लोक काय म्हणतील?"

"महाराज, झोपताना आपण मुकुट घालता?"

"छे! टोचतो."

"मग रात्रभर आपण राजे नसता का?"

राजा तडक जिना चढला. धोंडूने हौदाचं बूच लावून खालची तोटी उघडली. राजाने वर सोन्याची तोटी पिळली मात्र, नळ ढेकर दिल्यासारखा गुरगुरला आणि खाली धो धो पाणी! घागरी भरल्या, घंगाळं भरली, शेवटी राणीसाहेबांची फुलदाणीही भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा दरबार कानांत बोटं घालून बसला. फट् झालंच नाही. राजाने ऐटीत तोटी बंद केली, धोंडूने हौदाचं बूच काढलं, आणि थोड्या वेळाने राजा आंघोळ करून चक्क गुणगुणत दरबारात आला.

"माग पोरी, काय हवं ते माग!"

"नवरा द्या, महाराज."

दरबार दचकला. "कुणाचा?" राजाने विचारलं.

"माझाच. पाच रात्री नळाला मिठी मारून बसला होता. जरा गारठलाय, पण फुटलेला नाही!"

राजा हसता हसता सिंहासनावरून घसरला. उठल्यावर त्याने धोंडूच्या अंगावर स्वतःची लोकरीची शाल घातली, ठकीला दोन दुभत्या शेळ्या दिल्या आणि सगुणीला राजवाड्याच्या सगळ्या नळांची कारभारीण नेमलं. त्या दिवसापासून तिन्हीसांजेला राजा तिला हाक मारून विचारू लागला, "कारभारीणबाई, आता पिळू का?"