हेमगिरीच्या दरवाजातली हाक

हेमगिरी आता राजधानी राहिलेली नाही. राजे गेले, हत्ती गेले. पूर्वेचा दरवाजा आणि त्यावरचा नगारखाना तेवढा उभा आहे. दिवस मावळताना तिथे नगारा वाजतो आणि ऐन भरात मध्येच थांबतो. त्या शांततेत, पहिल्यांदाच गावात आलेली बाई आपल्या नवऱ्याला नावाने हाक मारते. त्याने आतून ‘ओ’ दिली की मगच ती उंबरा ओलांडते. असे का, ते दरवाजात बसणारे म्हातारे सांगतात.

फार जुनी गोष्ट. ठकाई नावाची धनगरीण नवऱ्यासोबत घोंगड्या विकायला इथे आली. माळावरची माणसे, आभाळाखेरीज मोठे काही पाहिलेले नाही. आत पाऊल टाकले आणि दोघेही खुळावले. सोन्याचे कळस, झुली पांघरलेले हत्ती, खालून वर उडणारे पाणी! नवरा पुढे, ती मागे, अशी त्यांची चाल. तिच्या पायात काटा मोडला म्हणून ती वाकली. तो मान वर करून कळस बघत तसाच पुढे गेला.

नावाने हाक मारली असती तर वळला असता. पण नवऱ्याचे नाव घेतले की त्याचे आयुष्य घटते, असे तिला आईने शिकवलेले. ती नुसती “अवं, ऐकलं का!” म्हणत राहिली. भलतेच वळले, तो वळला नाही.

मग ती नगरी तिला खायला उठली. प्रत्येक गल्ली दुसरीसारखी, प्रत्येक पागोटे त्याचेच वाटे. जिवाची तगमग होऊन, भिरभिरत ती परत दरवाजाशी आली.

“कोण हरवलं?” पहारेकऱ्याने विचारले.

“आमचं मानूस. खांद्यावर काळं घोंगडं हाय.”

“नाव सांग, बाई.”

“नाव कसं घिऊ, दादा?”

“मग काय ‘आमचं मानूस’ म्हणून दवंडी पिटू? निम्मी राजधानी ओ देईल!”

ती रडली, पण नाव घेतले नाही.

दिवस कलला, नगारा सुरू झाला. तो संपला की दरवाजा बंद, आणि एकट्या परक्या बाईला आत थारा नाही. ठकाईच्या मनात आले, त्याचे आयुष्य राखते आहे खरे. पण माणूसच सापडला नाही, तर ते राखून कुणाला?

“म्हाकू!”

नगाऱ्यात हाक बुडाली. ती पुन्हा ओरडली. तेवढ्यात म्हणे नगारजीचा हात वरच थांबला. कुणी सांगतात देवीने धरला, कुणी सांगतात त्यालाच दया आली. गाव गप्प झाले, आणि तिची पुढची हाक गल्लीबोळांतून शिरत गेली.

“ओ!” लांबून आवाज आला.

म्हाकू धापा टाकत आला. तोही दिवसभर तिच्यासाठी वणवणत होता.

“माझं नाव घेतलंस?”

“घेतलं.”

“पुन्यांदा घे.”

आजही नगारा तसाच थांबतो. काही बायका एकट्याच येतात; ज्याला हाक मारायची तो या जगात नसतो. त्याही उंबऱ्याशी उभ्या राहून नाव घेतात. तेव्हा दरवाजात बसलेला कुणीतरी म्हातारा आतून हळूच ‘ओ’ देतो.