देवीच्या नथीतलं माणिक

भक्तजनहो, सोमगिरी महाराज त्या वर्षी नवरात्रात हिरडगावच्या देवळात मुक्कामाला होते. अष्टमीच्या सकाळी देवीला स्नान घालताना नथीतलं मोठं माणिक निखळून ताम्हनात पडलं. गावाचा रिवाज असा, की नथ घातल्याशिवाय देवीची ओटी भरायची नाही. साऱ्या बायका ताटं घेऊन खोळंबल्या.

ते माणिक तीस वर्षांपूर्वी गावातल्या म्हाताऱ्या सगुणाबाईच्या नवऱ्यानं बसवलं होतं. तो गेल्यावर त्याची हत्यारं हिनं हाती घेतली आणि देवीचे दागिने तीच जडवू लागली. तेवढी एकच सेवा तिच्याकडे उरली होती. पण आता तिची नजर मंदावली होती.

"जिला सुईत दोरा ओवता येत नाही, ती माणिक बसवणार?" रायाप्पा सराफ हसले. हुशार माणूस, पण हुशारीचा ताठा पागोट्याच्याही वर! "ते जुनं कोंदण खड्याला चारी बाजूंनी गुदमरवतं. मी सोन्याच्या चार नख्यांवर उचलून धरतो. बघा कसा उजेड आरपार जातो!"

सगुणाबाई कळवळून म्हणाली, "शेटजी, त्याच्या पोटात चीर हाय. नखी दाबली तर फुटंल. म्हणून तर आमच्या मालकांनी त्याला मऊ सोन्यात बसवलं हुतं."

पंचांना सराफांचं पटलं. म्हातारीच्या हातून सेवा गेली. ती खांबाला टेकून मुकाट रडत बसली.

सराफांनी देवळातच हत्यारं मांडली. दोन नख्या वळल्या. तिसरी दाबली आणि कट्! माणकाचे दोन तुकडे झाले.

सराफांचा चेहरा पांढराफटक पडला. पण जीभ कुठली थांबते? "हिच्याच अभद्र बोलण्यानं झालं हे!"

तेव्हा महाराज उठले. दोन्ही तुकडे त्यांनी सगुणाबाईच्या ओंजळीत ठेवले. "माय, बसव."

"महाराज, मला दिसत न्हाई."

"तुझ्या बोटांना दिसतं. मी आहे ना इथे."

तिनं नख्या काढल्या, खड्याच्या रिकाम्या घरात लाख भरली, तुकडे शेजारी ठेवले आणि शुद्ध सोन्याची पातळ पट्टी कडेकडेनं हलकेच दाबत गेली. महाराजांचा हात तिच्या मस्तकावर होता.

नथ पुसून तिनं पुढे केली. काय सांगावं! माणिक अखंड होतं! सराफांनी भिंग लावून उलटसुलट पाहिलं. फुटल्याची खूण कुठेच नव्हती. पोटातली जुनी चीर मात्र होती तशीच होती. खडा तोच होता, आता शंकेला जागा उरली नव्हती.

सराफांनी महाराजांच्या पायांवर लोळण घेतली. महाराजांनी पाय मागे घेतले. ते म्हणाले, "शेटजी, तुम्ही त्याला चिमटीत धरलंत. हिनं कुशीत घेतलं. नमस्कार तिकडे करा."

रायाप्पांनी पागोटं काढलं आणि सगुणाबाईच्या लाखेनं माखलेल्या हातांवर कपाळ टेकलं. डोळ्यांतलं पाणी त्यांना आवरेना.

"कोन हाय?" तिनं चाचपून विचारलं.

"मी रायाप्पा. चुकलो, माय."

तिनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. "उठा शेटजी. माझा हात धरून गाभाऱ्यात न्या. नथ घालायची हाय, बाया कवाच्या खोळंबल्यात."