घंटाफुलाचं मूळ

एकदा काय झालं, पार चीनच्याही पलीकडे, कोरिया देशात, समुद्रकाठी एक इवलंसं गाव होतं. तिथे ओक्सुन नावाची बाई राहायची. तिच्या नवऱ्याचं नाव मान्सू. धुकं पडलं की मान्सू कड्यावर उभा राहून हाका मारायचा. त्या आवाजाच्या रोखाने होड्या किनाऱ्याला लागायच्या, नाहीतर खडकांवरच आपटल्या असत्या!

आणि नेमका मान्सूलाच खोकला झाला. ढास लागली की थांबेचना. आवाज पार बसला.

त्यातच एके सकाळी धुकं उतरलं. हातभर अंतरावरचं दिसेना. अन् त्यांची लेक बुनी समुद्रात, बरं का! मैत्रिणींबरोबर होड्या घेऊन शिंपले काढायला गेलेली.

ओक्सुनने चूल पेटवली. तिने आल्याचा काढा दिला. खोकला तसाच. मग मध घालून नासपती वाफवून दिली. ढास जरा कमी झाली. पण आवाज? छे, नुसती हवा!

मग ती टेकडीवर धावली, घंटाफुलाचं मूळ आणायला. तिकडे खोकल्यावर तेच देतात. पण धुक्यात फूल दिसणार कसं? चाचपडून रडकुंडीला आली. तेवढ्यात ऐकू आलं, टिण्... टिण्... एक जांभळं फूल चक्क वाजत होतं! तिने उकरलं, तर मूळ म्हणालं, "अर्धंच ने गं बाई. मला पुन्हा फुलायचंय."

"अर्ध्याने भागेल?"

"ते मला काय ठाऊक!"

सगळंच ओढावं? ओक्सुनचा हात अडखळला. मग तिने अर्धंच मोडलं, वर माती लोटली आणि पळाली.

मूळ मिठाने चोळलं, धुतलं, उकळलं. मान्सूने घोट घेतला.

"अगं, केवढं कडू!"

"बोलू नका, आधी हाक मारा!"

दोघं कड्यावर गेली. पहिली हाक खोकल्यातच गेली. दुसरी चिरकली. ओक्सुनने डोळे गच्च मिटले. आणि तिसरी?

"बुनीऽऽऽ!"

कड्यावरची पाखरं भुर्रकन उडाली. मग किती वेळ काहीच नाही. लाटा तेवढ्या. मग लांबून, अगदी बारीक, "आलेऽऽ बाबा!"

एक होडी आली, दुसरी आली, तिसरीत बुनी. ओलीचिंब. "आई, भूक लागलीय!" ओक्सुन आधी रागावली, मग रडली, मग तिने भात वाढला.

मान्सूचा खोकला चार दिवसांनी गेला. सगळी सुखात राहिली. चला, आता पांघरूण ओढा, कुशीवर वळा. झोपा बघू!