धाकू तारी आणि भुरीचे केस

फार वर्षांपूर्वीची गोष्ट, खारवणच्या खाडीवर पूल नव्हता तेव्हाची. धाकू नावाचा तारी तिथे होडी चालवायचा, माणसं या काठावरून त्या काठावर पोचवायचा. त्याला ना बायको, ना पोर. होडी आणि भुरी, एवढाच त्याचा संसार.

भुरी म्हणजे त्याची कुत्री. एका पुरात ती वाहत आली, होडीला पंजे लावून वर चढली आणि तिथेच राहिली. असं म्हणतात, पुढे सात वर्षं ती होडीबाहेर कधी झोपली नाही.

कुत्री गुणाची, पण तिचे केस! लुगड्याला केस, धोतराला केस, बाजाराला निघालेल्या माशांच्या टोपलीतही केस. धाकू रोज नारळाच्या खरखरीत सोडणाने तिचं अंग विंचरायचा, मग हात ओला करून फळ्या पुसायचा. ओल्या हाताला केसांच्या गोळ्या यायच्या. तो त्या पाण्यात टाकायचा आणि मागे वळून पाहायचा, तर भुरी अंग झाडत असायची.

लोक हसून सोडून द्यायचे. पण शिमगा आला. शिमग्यात देवीची पालखी धाकूच्याच होडीतून पलीकडे जायची. देवीचा रवळू गुरव सोवळ्याओवळ्याचा मोठा कडक. तो आदल्या आठवड्यात येऊन म्हणाला, "धाकू, देवीच्या शेल्याक एक जरी केस लागलो, तर तुजी होडी ग्येली म्हणान समज. नायतर त्या कुत्र्याक खंय तरी सोडून ये."

धाकूला काही सुचेना. होडी गेली तर खायचं काय, आणि भुरी गेली तर जगायचं कुणासाठी? त्याने होडी काठावर ओढली आणि तीन दिवस घासली. फळ्यांच्या सांध्यांत बोट जाईना, म्हणून कोयत्याच्या टोकाने तिथलाही केस न् केस उकरून काढला. पालखीच्या दिवशी त्याने भुरीला काठावरच्या उंडीच्या झाडाला बांधलं. बांधताना त्याला तिच्याकडे बघवेना.

रवळूने होडी डोळ्यांत तेल घालून पाहिली. एक केस सापडला नाही. पालखी चढली, चार भोई चढले, रवळूही चढला, होडी निघाली.

खाडीच्या मध्यावर पाणी आत येऊ लागलं. होडी जुनी, फटी बुजवायला सांध्यांत भरलेला कापूस कधीच कुजून गेलेला. त्याच्या जागी सात वर्षं भुरीचे केस चिखलासकट दबून बसले होते आणि पाणी अडवत होते. तेच धाकूने आपल्या हाताने उकरून काढले होते. भोई ओंजळींनी पाणी उपसू लागले, पण ते पालखीच्या बुडाला लागलंच.

काठावर भुरीने दावं तोडलं. असं म्हणतात, ती पोहली नाही, पाण्यावरून धावत आली. मला विचाराल तर पोहलीच असणार, पण खारवणात तसं बोलायची सोय नाही. ती होडीत चढली आणि सवयीप्रमाणे तिने अंग झाडलं. देवीचा शेला केसांनी भरून गेला.

धाकूला एकदम उमगलं. त्याने भुरीच्या पाठीवरून हात फिरवला, गळते केस मूठभर निघाले, ते त्याने सांध्यात कोंबले. पाणी कमी झालं. मग सोवळं नेसलेला रवळू गुरव गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी भुरीचे केस काढू लागला. असं म्हणतात, तिचे केस निघत राहिले आणि अंग मात्र कुठे उघडं पडलं नाही. होडी काठाला लागली तेव्हा आत घोटाभरसुद्धा पाणी नव्हतं.

उतरताना धाकू शेला झटकायला पुढे झाला. रवळूने त्याचा हात धरला. "रवांदे," तो म्हणाला. "आणि ही पण हयसरच रवांदे."

भुरी होडीतच म्हातारी झाली. आता खाडीवर पूल आहे, तरी देवी शिमग्यात होडीनेच जाते. निघण्याआधी रवळूच्या घराण्यातला गुरव शेला उलटसुलट करून पाहतो. त्यावर कुत्र्याचा केस सापडला नाही, तर तो पालखी होडीत चढवू देत नाही. गावातलं एखादं कुत्रं येऊन अंग झाडेपर्यंत सगळं खारवण देवीसह काठावर उन्हात उभं राहतं.